टिचकीची उशी आणि मनवाची मूठ

ऐका हं. पण हळू ऐका. ही गोष्ट भर दुपारची आहे, आणि हिरामावशीच्या घरी भर दुपारी कुणी मोठ्याने बोलत नाही.

हिरामावशीच्या घरी पाळणाघर होतं. पाळणाघर खरं, पण पाळणा एकच. तोही जुना. त्यात मावशी कांदे ठेवायची.

सकाळी आया यायच्या, मुलांना सोडायच्या, कामाला जायच्या. संध्याकाळी परत यायच्या. मधल्या वेळात मुलं मावशीची.

मुलं तीन. जुई, हर्षू आणि मनवा. मनवा सगळ्यांत लहान. नुकती दोन वर्षांची झालेली.

मावशीचा एक नियम होता. आधी खेळणी झोपतात, मग मुलं झोपतात.

बाहुली टोपलीत. गाडी टोपलीत. ढोलकी टोपलीत. ठोकळे टोपलीत. चेंडू टोपलीत. वर झाकण. टप्प!

झाकण लागलं, की मुलं गादीवर.

मावशीचं सगळंच असं. आधी हात धुवा, मग जेवा. आधी शू, मग गोष्ट. दिवसभर तिच्या तोंडी 'आधी' आणि 'मग'. ऐकून ऐकून त्या घरातली भांडीकुंडीसुद्धा तसंच बोलायला लागली होती!

घरामागे शेवग्याचं झाड होतं. झाडावर खारीचं घरटं होतं. घरट्यात एक इवलीशी खार होती. नाव तिचं टिचकी.

टिचकीचे डोळे एवढेसे. कान एवढेसे. पाय एवढेसे. शेपूट मात्र हे एवढं! झुपकेदार.

टिचकीची आई दाणे आणायला गेली होती. संध्याकाळी येणार होती. जाताना म्हणाली, "उशीवर डोकं ठेव. डोळे मीट. झोप."

टिचकीची उशी होती कापसाची. मऊ मऊ, पांढरी पांढरी. आईने तंतू तंतू गोळा करून केलेली. उशीला आईचा वास यायचा. उशीवर डोकं ठेवलं, की टिचकीला वाटायचं, आई इथेच आहे.

टिचकीने उशी उचलली. जरा झटकली. तेवढ्यात वारा आला.

भुर्रर्र!

उशी उडाली. फांदीवरून खाली. अंगणातून आत. मागच्या दारातून थेट घरात!

दाराशी मनवा बसली होती. डोळ्यांत पाणी. ओठ बाहेर. उशी आली आणि तिच्या हातावर बसली. मऊ मऊ!

मनवाने काय केलं? मूठ मिटली. गप्पकन!

गेली टिचकीची उशी.

टिचकी झाडावरून उतरली.

सर सर सर, तुरु तुरु तुरु, थबक!

"मनवा, मनवा, मूठ उघड ना!"

"का?"

"आत माझी उशी आहे. उशी मला मिळेना, उशीवाचून झोप काही येईना!"

मनवाने मूठ पाठीमागे लपवली.

"नाई! आधी गोदली. मग मूठ."

गोदली म्हणजे काय? गोधडी! मनवाची गोधडी तिच्या आईच्या साडीची होती. निळी निळी, पिवळ्या काठाची. रोज दुपारी मनवा ती गालाशी धरायची. आज गोधडी जवळ नव्हती. म्हणून तर डोळ्यांत पाणी होतं. म्हणून तर मूठ घट्ट होती.

टिचकीला ते कळलं. उशीचं दुःख तिला नाही कळणार, तर कुणाला कळणार?

टिचकीने जांभई दिली. आऽऽऽ! आणि निघाली गोधडीकडे.

सर सर सर, तुरु तुरु तुरु, थबक!

गोधडी खिडकीखाली पेटीवर पडली होती.

"गोधडी, गोधडी, मनवाकडे जा ना!"

"का गं टिचके?"

"मनवा मूठ उघडेना,
उशी मला मिळेना,
उशीवाचून झोप काही येईना!"

गोधडी म्हणाली, "जाईन गं. पण कशी जाऊ? बघ तरी, माझ्यावर कोण बसलंय! आधी माऊ उठेल, मग मी हलेन."

टिचकीने वर बघितलं. गोधडीवर माऊ. माऊवर ऊन. लठ्ठच्या लठ्ठ माऊ, अंगाचं मुटकुळं करून बसलेली.

खार आणि मांजर! पण उशी हवी ना? मग टिचकी खिडकीच्या उंच गजावर चढली. तिथून बोलली. धीर धरावा, पण जरा लांबून.

सर सर सर, तुरु तुरु तुरु, थबक!

"माऊताई, माऊताई, गोधडीवरून ऊठ ना!"

"का गं टिचके?"

"गोधडी जागची हलेना,
मनवा मूठ उघडेना,
उशी मला मिळेना,
उशीवाचून झोप काही येईना!"

माऊने एक डोळा उघडला. मग तोच मिटला.

"म्याँव! उठून करू काय? वाटी तर रिकामी आहे. आधी वाटीत दूध, मग मी उठेन."

"माऊताई, मला खाणार नाही ना?"

"त्याला उठावं लागतं," माऊ म्हणाली. "जा बरं आता."

टिचकीने जांभई दिली. आऽऽऽ! आणि निघाली वाटीकडे.

सर सर सर, तुरु तुरु तुरु, थबक!

वाटी स्वयंपाकघराच्या दाराशी होती. छोटीशी, पोचे आलेली.

"वाटी, वाटी, दुधाने भर ना!"

"का गं टिचके?"

"माऊ वरून उठेना,
गोधडी जागची हलेना,
मनवा मूठ उघडेना,
उशी मला मिळेना,
उशीवाचून झोप काही येईना!"

वाटी म्हणाली, "अगं वेडे, वाट्या आपोआप भरल्या असत्या, तर काय हवं होतं! आधी मावशी उठेल, मग मी भरेन."

टिचकीने जांभई दिली. आऽऽऽ! आणि निघाली मावशीकडे.

सर सर सर, तुरु तुरु तुरु, थबक!

मावशी गादीवर बसली होती. जुई मांडीवर. हर्षू पाठीवर. मावशीचा अंबाडा हर्षूच्या हातात. मावशीचा चष्मा जुईच्या नाकावर.

"मावशी, मावशी, जागेवरून ऊठ ना!"

"का गं बाळा?"

"वाटी दुधाने भरेना,
माऊ वरून उठेना,
गोधडी जागची हलेना,
मनवा मूठ उघडेना,
उशी मला मिळेना,
उशीवाचून झोप काही येईना!"

"अगं बाई गं!" मावशी म्हणाली. "माझ्या मनवाची गोधडी तिकडे राहिली होय! म्हणून ती रुसून बसलीय. पण उठू कशी गं? एक मांडीवर, एक पाठीवर. ही दोघं उतरतील तर शपथ!"

"का उतरत नाहीत?"

मावशीने काही सांगायच्या आत जुई ओरडली, "चेंडू झोपला नाही!"

हर्षू ओरडला, "आम्ही पण नाही झोपणार!"

बघा आता! नियम कुणाचा? मावशीचा. मुलांना शिकवला कुणी? मावशीनेच. आणि अडकलं कोण? मावशीच! आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?

मावशीने सुस्कारा सोडला. तिचा चहा समोर गार होत होता.

"टोपलीला विचार, बाळा. आधी झाकण लागेल, मग मी उठेन."

टिचकीने जांभई दिली. आऽऽऽ! आणि निघाली टोपलीकडे.

सर सर सर, तुरु तुरु तुरु, थबक!

टोपली कोपऱ्यात होती. आ वासून बसलेली. आत बाहुली, गाडी, ढोलकी, ठोकळे. सगळे ताटकळलेले.

"टोपली, टोपली, झाकण लावून घे ना!"

"का गं टिचके?"

"मावशी जागा सोडेना,
वाटी दुधाने भरेना,
माऊ वरून उठेना,
गोधडी जागची हलेना,
मनवा मूठ उघडेना,
उशी मला मिळेना,
उशीवाचून झोप काही येईना!"

टोपली म्हणाली, "छे गं! माझी बाहुली आहे. माझी गाडी आहे. माझी ढोलकी आहे. माझे ठोकळे आहेत. माझा चेंडू कुठे आहे? एक लेकरू बाहेर, आणि मी दार लावू? आधी चेंडू येईल, मग झाकण लागेल."

"चेंडू कुठे गेला?"

"कोण जाणे! हर्षूने लाथ मारली. धप्प! तेव्हापासून दिसला नाही."

टिचकीने जांभई दिली. आऽऽऽ! एवढी मोठी, की तिचे डोळेच मिटले. पुन्हा उघडले. आणि निघाली चेंडू शोधायला.

गादीमागे बघितलं. नाही.

दारामागे बघितलं. नाही.

पाळण्यात बघितलं. कांदे!

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "मी इथे आहे."

कुठे? कपाटाखाली!

सर सर सर, तुरु तुरु तुरु, थबक!

टिचकी वाकली. कपाटाखाली अंधार होता. अगदी आत, भिंतीशी, लाल लाल चेंडू. चिंध्यांचा, मऊसर, मावशीने शिवलेला. घुसताना चेपून घुसला. आता कपाटाच्या पायामागे अडकला.

"चेंडू, चेंडू, बाहेर ये ना!"

"का गं टिचके?"

"झाकण घट्ट लागेना,
मावशी जागा सोडेना,
वाटी दुधाने भरेना,
माऊ वरून उठेना,
गोधडी जागची हलेना,
मनवा मूठ उघडेना,
उशी मला मिळेना,
उशीवाचून झोप काही येईना!"

चेंडू रडवेला झाला. "मलाही झोप आलीय गं. पण मला का पाय आहेत? कुणीतरी ढकललं, तर मी जाणार. आधी केरसुणी झाडेल, मग मी येईन."

टिचकीने जांभई दिली. आऽऽऽ! आता तिचे पायही जड झाले होते. तरी निघाली केरसुणीकडे.

सर सर... सर. तुरु... तुरु... तुरु. थबक.

केरसुणी दाराआड उभी होती. म्हातारी, जाडजूड, कमरेला दोरी गुंडाळलेली.

"केरसुणीआजी, केरसुणीआजी, कपाटाखाली झाड ना!"

"का गं पोरी?"

"चेंडू बाहेर येईना,
झाकण घट्ट लागेना,
मावशी जागा सोडेना,
वाटी दुधाने भरेना,
माऊ वरून उठेना,
गोधडी जागची हलेना,
मनवा मूठ उघडेना,
उशी मला मिळेना,
उशीवाचून झोप काही येईना!"

केरसुणीआजीचा जीव कळवळला. ती लगेच निघाली. आढेवेढे नाहीत, 'आधी' नाही, 'मग' नाही. खस खस खस, कपाटापाशी आली. खाली वाकली.

खस्स! अडकली.

पुन्हा वाकली. खस्स! पुन्हा अडकली.

फट होती बारीक. आजी होती जाड.

"नाही गं पोरी," आजी म्हणाली. "माझी काही आत जायची सोय नाही."

आता मात्र टिचकी मटकन खाली बसली. आता कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नव्हतं. ती रडत रडत म्हणाली,

"केरसुणी आत शिरेना,
चेंडू बाहेर येईना,
झाकण घट्ट लागेना,
मावशी जागा सोडेना,
वाटी दुधाने भरेना,
माऊ वरून उठेना,
गोधडी जागची हलेना,
मनवा मूठ उघडेना,
उशी मला मिळेना,
उशीवाचून झोप काही येईना!
आणि आई तर संध्याकाळी येणार!"

रडता रडता टिचकीने डोळे पुसले. कशाने पुसले?

शेपटाने!

केरसुणीआजी बघतच राहिली. मग खुदकन हसली.

"अगं टिचके! काखेत कळसा आणि गावाला वळसा! मागे वळून बघ बरं. तुझ्यापाशी काय आहे?"

टिचकी वळली. शेपूटही वळलं. टिचकी पुन्हा वळली. शेपूट पुन्हा वळलं. गोल गोल गोल! मग एकदाचं दिसलं.

लांब लांब शेपूट. झुपकेदार शेपूट. अगदी छोट्या केरसुणीसारखं!

"पण आजी, आत अंधार आहे."

"आहे खरा. पण मी इथे उभी आहे. तू जा, मी बोलत राहते."

टिचकी कपाटाखाली शिरली. काळोख! कोळ्याचं जाळं! नाकात धूळ!

फिच्च!

"आहेस ना गं?" बाहेरून आजी म्हणाली.

"आहे!"

फिच्च!

"आहेस ना गं?"

"आहे!"

टिचकी चेंडूच्या मागे गेली. भिंतीला पाठ लावली. शेपूट उचललं.

एक... दोन... तीन!

सप्प!

चेंडू हलला.

सप्प!

चेंडू सुटला.

सप्प!

गडगड गडगड गडगड, चेंडू निघाला बाहेर!

"चेंडू आला!" हर्षू ओरडला. मावशीच्या पाठीवरून उतरला.

"चेंडू आला!" जुई ओरडली. मावशीच्या मांडीवरून उतरली. चष्म्यासकट!

दोघांनी मिळून चेंडू उचलला. टोपलीत ठेवला.

टोपली म्हणाली, "आलास का रे बाळा!" आणि झाकण लागलं. टप्प!

बाहुली झोपली. गाडी झोपली. ढोलकी झोपली. ठोकळे झोपले. चेंडू तर कधीच झोपला.

खेळणी झोपली, मग काय? जुई गादीवर. हर्षू गादीवर.

"देव पावला गं बाई!" मावशी म्हणाली. जुईच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. मग जागेवरून उठली. गुडघे वाजले. कट कट!

मावशीने दूध ओतलं. खळ खळ खळ! वाटी भरली.

माऊच्या नाकाला वास गेला. माऊ उठली. आधी अंग ताणलं, मग शेपूट ताणलं, मग निघाली. लप लप लप! दूध पिता पिता तिने टिचकीकडे बघितलंसुद्धा नाही.

मावशीने गोधडी उचलली. झटक झटक! निळी निळी, पिवळ्या काठाची. माऊने बसून बसून छान ऊबदार केलेली.

गोधडी आली मनवाकडे. मनवाने ती गालाशी धरली. डोळ्यांतलं पाणी काठाला पुसलं.

"माजी गोदली," ती म्हणाली.

टिचकी धावत आली.

"मनवा, मनवा, आता मूठ उघड ना!
केरसुणीचं काम शेपटाने केलं,
चेंडू बाहेर आला,
झाकण घट्ट लागलं,
मावशीने जागा सोडली,
वाटी दुधाने भरली,
माऊ वरून उठली,
गोधडी जागची हलली!
आता दे ना माझी उशी!"

मनवाने टिचकीकडे बघितलं. तिला द्यायचंच होतं. कबूल केलं होतं ना! पण बोट उचलायच्या आत तिच्या पापण्या जड झाल्या. ती कलंडली. गादीवर, जुईच्या शेजारी.

मूठ मिटलेली. तशीच घट्ट!

टिचकीला रडू फुटणार होतं. इतकी धावाधाव केली, आणि मूठ मिटलेलीच? तिने मनवाच्या बोटाला हात लावला. ओढणार, तोच मावशी म्हणाली, "शूऽऽऽ! असं नाही करायचं बाळा. आधी झोप, मग मूठ."

"म्हणजे?"

"मूल झोपलं, की त्याची मूठ आपली आपण उघडते. ओढली, की आणखी घट्ट होते. मी किती मुलं झोपवली! माझं ऐक. बस माझ्याजवळ."

टिचकी मावशीजवळ बसली. मावशीने मनवाला थोपटलं.

थोप थोप.

थोप थोप.

मनवाचा श्वास हळू झाला.

थोप थोप.

हर्षू झोपला. जुई झोपली.

थोप... थोप...

मनवा झोपली.

आणि मग,

करंगळी सुटली.

तिच्या शेजारचं बोट सुटलं.

मधलं बोट सुटलं.

त्याच्या पुढचं बोट सुटलं.

राहिला एक अंगठा. टिचकीने श्वास रोखला.

अंगठाही सुटला.

उघडली मूठ!

तळहातावर उशी होती. मऊ मऊ, पांढरी पांढरी. थोडी चेपलेली, थोडी ओलसर. टिचकीने ती नाकाशी धरली. आईचा वास येत होता. आणि त्यात आता जरासा मनवाच्या हाताचा वास. वरणभाताचा!

"मिळाली!" टिचकी म्हणाली. अगदी हळू.

"मिळाली गं बाई," मावशीही हळूच म्हणाली. तिने चहाचा कप उचलला. चहा केव्हाच गार झाला होता. पण घरात कुणी रडत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं, पाठीवर कुणी चढत नव्हतं. मावशीला तो चहा फार गोड लागला.

"उद्यापासून," ती स्वतःशीच म्हणाली, "आधी चेंडू. मग बाकी सगळं."

टिचकी उशी घेऊन घरी गेली. धावली नाही. हळू हळू, पाऊल न वाजवता. शेवग्यावर चढली. घरट्यात शिरली. उशीवर डोकं ठेवलं. डोळे मिटले.

जांभईसुद्धा द्यायला वेळ मिळाला नाही.

संध्याकाळी मनवाची आई आली. मनवाने तिला दोन्ही हात उघडून मिठी मारली. शेवग्यावर टिचकीची आई आली. म्हणाली, "अगं, शेपटाला जाळं कुठून लागलं?" टिचकी म्हणाली, "आधी कुशीत घे, मग सांगते." आईने कुशीत घेतलं. आणि टिचकीने सगळं सांगितलं. केरसुणीपासून उशीपर्यंत.

पण ते संध्याकाळी. आत्ता तर दुपार आहे.

आत्ता खेळणी टोपलीत. मुलं गादीवर. माऊ उन्हात. टिचकी उशीवर. केरसुणीआजी दाराआड. मावशी, बसल्या बसल्या, जरा डुलकी काढतेय.

आणि ही गोष्ट ऐकणारं आमचं बाळ?

त्याची मूठ बघा बरं.

उघडली?

शूऽऽऽ.